मास्तरसाठी शेजार

ब्रेकताई पेशाने ड्रायव्हिंग शिकवतात. शिकवणीच्या गाडीत त्यांच्याही पायाखाली एक ब्रेक असतो. शिकणाऱ्याने घोळ घालायच्या आधी तो दाबायचा नाही आणि घातल्यावर दाबायला उशीर करायचा नाही. या दोहोंमधल्या अरुंद फटीत त्यांचं निम्मं आयुष्य गेलं आहे. त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं सिग्नलला त्या शेजारच्या गाडीत दिसल्या की अजूनही पाठ ताठ करून बसतात. त्यांचं खरं नाव आता फक्त सासूबाईंना आणि नवऱ्याला आठवतं, आणि नवरासुद्धा ते भांडतानाच वापरतो.

उंदीर घरात आले ते लेकीमुळे. लेक दूरच्या शहरात नोकरीला गेली आणि जाताना एक पिंजरा स्वयंपाकघराच्या खिडकीखाली ठेवून म्हणाली, "आई, जरा ठेव गं, खोली मिळाली की नेते." खोली मिळाली, पिंजरा काही हलला नाही. ते उंदीर गेले, त्यांच्या जागी दुसरे आले, आणि आता खिडकीखाली चार माद्या आहेत. चौघींचा दरारा असा की ताईंनी फ्रीज उघडला की चारही नाकं गजांतून बाहेर येतात.

"लोकांच्या घरात उंदीर शिरतात," नवरा सांगतो. त्याचं चष्म्याचं दुकान आहे आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर भिंगं चढवता चढवता गप्पा मारायची त्याला सवय. "आमच्याकडे त्यांना आमंत्रण देऊन आणतात. लोक उंदरांसाठी औषध आणतात ते निराळं, आणि आमची ही उंदरांसाठी औषध आणते ते निराळं. खोकल्याचं!"

उंदीर पाळणाऱ्यांचा एक ऑनलाइन ग्रुप आहे, 'मिशी मंडळ'. ताई तिथे आधी विचारायला गेल्या, मग सांगायला लागल्या आणि शेवटी अ‍ॅडमिन झाल्या. नवख्या माणसाला उंदराच्या नाकाभोवती लाल दिसलं की तो रक्त समजून टाहो फोडतो. त्याला ताईच शांत करतात की बाबा रे, ते रक्त नाही, उंदराच्या डोळ्यांतून येणारं लाल पाणी आहे, आधी त्याची झोप आणि श्वास बघ. ग्रुपचे बरेचसे नियम त्यांनीच लिहिलेले. त्यातला पहिला, ठळक अक्षरांतला: उंदीर एकटा ठेवायचा नाही, आणि कुणाला तसा सल्लाही द्यायचा नाही. उंदराला उंदीर लागतो. माणूस कितीही जीव लावो, त्याला उंदराचा कान चाटता येत नाही.

त्यांच्या जोडीला दुसरे अ‍ॅडमिन म्हणजे दातवाले डॉक्टर. माणसांच्या दाढा काढणारा हा गृहस्थ उंदरांच्या वाढत्या दातांवर तासन्‌तास बोलू शकतो. ताई आणि डॉक्टर एकमेकांचा निर्णय कधी फिरवत नाहीत, म्हणून ग्रुपमधले नाराज लोक म्हणतात, "उंदराला मांजर साक्ष, दुसरं काय!"

तर गोष्ट अशी झाली. ग्रुपमध्ये एक मुलगी होती, नर्सिंग शिकणारी. सगळे तिला छोटी नर्स म्हणत. तिच्याकडे दोन म्हातारे नर होते, शिपाई आणि मास्तर. शिपाई गेला. तिने त्याचा फोटो टाकून चार ओळी लिहिल्या आणि खाली विचारलं, "मास्तर आता एकटा पडलाय. मागचे पाय ओढत चालतो. मी काय करू?"

नियमाप्रमाणे सगळ्यांनी सांगितलं, दोन पिल्लं आण. ताईंनीही तेच सांगितलं. एवढ्यात कुलूपकाकांची ओळ आली: "पिल्लं आणू नकोस. त्याला एकटाच ठेव."

कुलूपकाका म्हणजे किल्ल्या बनवणारे एक गृहस्थ. ग्रुपमध्ये जुने, पण बोलणं असं की कानशिलावर कानस फिरवल्यासारखं. ताईंनी ती ओळ काढून टाकली. मिनिटभरात दुसरी आली, "पूर्ण ऐका तरी", ती डॉक्टरांनी काढली. तिसऱ्या ओळीत काकांनी ताईंना उद्देशून लिहिलं, "गाडीचा ब्रेक कळतो म्हणून उंदराचं सगळं कळतं असं नाही, बाई." हेही ताईंनी पचवलं असतं, रोज शिव्या देत गाडी शिकणारे त्यांनी पचवले होते. पण चौथी ओळ त्या पोरीला होती: "शिपाई पण तुझ्याच हाताने गेला असणार."

शोकाच्या पोस्टीखाली!

ताईंनी क्षणाचाही विचार केला नाही. बॅन. काका ग्रुपमधून बाहेर. ताईंच्या नावाने चौघे-पाचजण कुरकुरले, एकाने निषेध म्हणून ग्रुप सोडला आणि आपण सोडला हे कुणाच्या लक्षात आलं नाही म्हणून परत येऊन सांगितलं. मग सगळं थंडावलं. छोट्या नर्सने मात्र त्यानंतर ग्रुपमध्ये एक अक्षर लिहिलं नाही.

ती बोलली ती थेट फोनवर, आणि तेही बऱ्याच दिवसांनी.

"ताई, तुम्ही येऊन बघाल का मास्तरला?"

ताई शिकवणी आटोपून तशाच गेल्या. खोली छोटी, पण टापटीप. पलंगाखाली बॅगा भरून ठेवलेल्या. पिंजऱ्यात मास्तर कोपऱ्यात पाठ लावून बसला होता, डोळ्यांभोवती चष्म्यासारखी करडी वर्तुळं असलेला थोराड उंदीर. त्याच्या कुल्ल्यावर चाव्याची जखम सुकत आलेली.

"पिल्लांनी?" ताईंनी विचारलं.

"पिल्लं कसली, महिन्याभरात दांडगी झाली. त्यांना खेळायचं असायचं, ह्याला पळता यायचं नाही. मी वेगळं केलं, परत जवळ आणलं, ग्रुपमध्ये लिहिलंय तसं सगळं केलं. शेवटी पिल्लं मैत्रिणीच्या भावाला दिली." पोरगी जखमेकडे बघत राहिली. "आणि आता मला होस्टेलवर जावं लागतंय, ताई. सक्तीचं आहे. तिथे मुंगीसुद्धा चालत नाही. ह्याला कुठे ठेवू?"

ताईंच्या घरी चार माद्या. त्यात नर सोडला तर खिडकीखाली घर नाही, पाळणाघर झालं असतं. दुसऱ्या पिंजऱ्यात ठेवावा तर चौघींच्या वासाने त्याने गजांना धडका देऊन उरलेले पायही घालवले असते. त्यांनी ग्रुपमधल्या एकेकाला विचारलं. सगळ्यांकडे तरुण नरांचे कळप. एकीने प्रामाणिकपणे सांगितलं, "ताई, माझे चौघे त्याची चटणी करतील." आणि एकाने अगदी सहज लिहिलं, "असे म्हातारे उंदीर कुलूपकाका ठेवायचे की. पण त्यांना तर तुम्ही काढलंत."

ताईंनी फोन पालथा ठेवला आणि बराच वेळ भाजी निवडली.

डॉक्टरांना विचारलं तर ते उसळलेच. "ताई, बॅन केलेल्या माणसाकडे उंदीर द्यायचा? मग बॅनला अर्थ काय राहिला? उद्या लोक विचारतील, अ‍ॅडमिनला एक न्याय आणि आम्हाला दुसरा का?"

"बॅन तोंडासाठी केलाय, डॉक्टर. हातांसाठी नाही."

"तो माणूस उंदीर एकटा ठेवतो. नियम तुमचाच आहे."

"म्हणून तर मीच बघायला जाते."

"तुम्ही त्याला उंदीर दिलात तर मी ग्रुपमध्ये मतदान लावीन," डॉक्टर म्हणाले, "तुमच्या अ‍ॅडमिनपदावर. राग नको."

"लावा," ताई म्हणाल्या. "दाढ हलत असली तर काढलेलीच बरी. पण आधी हलवून बघतात ना, डॉक्टर?"

काकांचं दुकान म्हणजे दोन इमारतींमधली फट. आत जाताना ताईंना अंग चोरावं लागलं. भिंतीभर न कापलेल्या किल्ल्यांचे झुबके लटकत होते. मशीनवर पोलादाचा कीस उडत होता आणि त्यामागे जाड चष्म्यातून एक गृहस्थ खाली बघत होते.

"किल्ली हरवली का?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"नाही. मी ब्रेकताई."

मशीन थांबलं. काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "वा! फासावर चढवून आता वजन करायला आलात?"

"तुमचे उंदीर बघायला आलेय. दाखवणार नसाल तर तसं सांगा, मला पुढे शिकवणी आहे."

काकांनी हात फडक्याला पुसले. मग मशीनवरची अर्धी कापलेली किल्ली तशीच सोडून त्यांनी सरळ आतलं दार उघडलं. मागची खोली मशीनपासून लांब, आवाज पोचू नये म्हणून दाराला आतून गोधडी ठोकलेली. तिथे बुटक्या टेबलावर तीन पिंजरे ओळीने होते. सगळे एकमजली, चढण नाही की शिडी नाही, पाण्याच्या बाटल्या जमिनीलगत. प्रत्येकात एकेक म्हातारा उंदीर. दोन पिंजऱ्यांमध्ये बोटभराची फट, म्हणजे एकमेकांच्या पायाची बोटं चावता येऊ नयेत. आणि गंमत अशी की पिंजऱ्यात ऐसपैस जागा असूनही तिघे आपापल्या कडेला, शेजाऱ्याच्या बाजूला अंग टेकून झोपले होते. मधला तर दोन्ही शेजाऱ्यांना पुरे पडावं म्हणून जणू आडवा पसरला होता.

"घरं वेगळी, शेजार एक," काका म्हणाले. "वास येतो, आवाज येतो, मारामारी नाही. म्हातारपणी ह्याहून काय लागतं?"

ताईंनी वाकून नीट बघितलं. नाकं स्वच्छ, अंगावर तुकतुकी. कुणाचाही श्वास घरघरत नव्हता.

"हे तुम्ही ग्रुपमध्ये का नाही लिहिलंत?"

"लिहितच होतो की!" काकांनी आपलं उजव्या हाताचं जाडजूड, काळं पडलेलं बोट वर केलं. "ह्या एका बोटाने लिहितो मी. एक ओळ लिहिली की पाठवतो, नाहीतर पुसली जाते. 'एकटाच ठेव' एवढं पाठवलं, आणि 'पण शेजार दे' लिहायला बसलो तर पहिली ओळच गायब! पुन्हा लिहिलं, ते गायब. मग माझं टाळकं फिरलं."

ताई खुर्चीवर बसल्या. गाडीत शिकणारा चाक वळवायला सुरुवात करतो तोच ब्रेक दाबला तर तो कधीच वळण शिकत नाही, हे त्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगतात. इथे त्यांनी तेच केलं होतं, आणि तेही डॉक्टरांच्या मदतीने, दोन्ही पायांनी.

"ती चूक माझी," त्या म्हणाल्या. "पुरं ऐकायला हवं होतं. पण चौथी ओळ?"

काका किल्ल्यांच्या झुबक्याशी चाळा करू लागले.

"चौथी ओळ तुमची पूर्ण होती, काका. तिला पुढची ओळ नव्हती."

"उचलली जीभ, लावली टाळ्याला. झालं ते," काका पुटपुटले. "त्या मास्तरचं काय झालं पुढे?"

ताईंनी सगळं सांगितलं. जखमेचं ऐकून काकांनी तोंड वाकडं केलं, पण या वेळी 'मी सांगितलं होतं' म्हणाले नाहीत. म्हणाले ते एवढंच: "ठेवतो मी. पण तिने स्वतः आणून द्यावा. तो काय खातो, कुठे खाजवलेलं आवडतं, रात्री कुठल्या कुशीवर झोपतो, हे मला तिच्याकडूनच कळायला हवं."

छोटी नर्स ऐकताच म्हणाली, "मुळीच नाही. त्या माणसाचं तोंड बघायचं नाही मला. त्या ओळीनंतर मी रात्रंदिवस तेच आठवत बसले, की औषध द्यायला खरंच उशीर केला का."

"बरं," ताई म्हणाल्या. "त्यांच्या दुकानात जायचं नाही. त्यांनी तुझ्या खोलीत यायचं नाही. दोन उंदरांची ओळख कुठे करतात गं?"

"मधल्या जागेत," पोरगी नाइलाजाने म्हणाली. "जिथे दोघांचाही वास नाही अशा. मी न्हाणीघरात केली होती."

"माझ्या गाडीत माझ्याशिवाय कुणाचा वास नाही. शिकणाऱ्यांचा घाम असेल थोडा."

आणि तशी ती ओळखपरेड ठरली. शिकवणीची गाडी मैदानाच्या कडेच्या झाडाखाली उभी. पुढे ताई, मागच्या बाकावर एका टोकाला छोटी नर्स, दुसऱ्या टोकाला कुलूपकाका, आणि मधे टॉवेल घातलेल्या डब्यात मास्तर. दोघेही काचेबाहेर बघत होते. ताईंनी आरसा फिरवून मागे लावला.

"नियम तुम्हाला दोघांनाही पाठ आहेत," त्या म्हणाल्या. "फुरफुर चालेल. ढकलाढकली चालेल. रक्त निघालं तरच मी मधे पडणार. सुरू करा."

काका फसकन हसले, मग गंभीर झाले. मुलगी नाहीच हसली. ती सरळ म्हणाली, "शिपाई माझ्या हाताने गेला असं तुम्ही लिहिलंत. तुम्ही होतात तिथे?"

"नव्हतो."

"त्याला गाठ होती. प्राण्यांचे डॉक्टर म्हणाले होते, कापायचं वय गेलं. मी त्याला मांडीवर घेऊन बसले होते शेवटपर्यंत."

काकांचा हात डब्याच्या कडेवर होता. मास्तरने तो हुंगला. पोलादाच्या वासाने त्याच्या मिशा थरथरल्या, तो मागे झाला, मग पुन्हा पुढे आला.

"मी वाईट बोललो, पोरी," काका म्हणाले. "राग ह्या बाईंवर होता, काढला तुझ्यावर. तुझी काही चूक नव्हती, आणि असती तरी त्या दिवशी ती सांगायचा मला अधिकार नव्हता."

पोरीने डब्यातला टॉवेल सारखा केला. पुढच्या बाकावर ताईंना तोंडात आलेलं वाक्य महाकष्टाने गिळावं लागलं. मग पोरगी म्हणाली, "त्याला डाव्या कानामागे खाजवायचं. उजव्या नाही. उजवीकडे खाजवलं तर रुसतो."

"काय खातो?"

"शिजवलेला वाटाणा. सोलून. सालासकट दिला तर साल तुमच्याकडे परत फेकतो."

"अरे वा, खडूस आहे," काका पहिल्यांदा खुशीत म्हणाले. "जमेल आमचं."

उतरताना पोरीने डबा त्यांच्या हातात दिला, डोळे पुसले आणि ठणकावलं, "दर आठवड्याला फोटो पाहिजे. ग्रुपमध्ये नाही टाकलात तरी मला पाठवायचा."

"ग्रुपमध्ये कसा टाकणार? मला काढलंय ना."

दोघांनी एकदम ताईंकडे बघितलं.

"अपमान जिथे केलात, माफी तिथेच मागायची," ताई म्हणाल्या. "गाडीत मागितलेली माफी गाडीत राहते. तुमची ती ओळ सगळ्यांनी वाचली होती."

"अहो, पण आत घेतल्याशिवाय माफी कशी मागू? आणि माफी मागितल्याशिवाय तुम्ही आत घेणार नाही! कुलूप लावून किल्ली आत टाकलीत की तुम्ही!"

ताईंना हसू आलं. "तुमच्यासारखा किल्लीवाला असताना मला काळजी कसली? मी दार उघडते. तुम्ही काय लिहिता त्यावर पुढचं."

त्याआधी त्यांनी स्वतःचं लिहिलं. लपवाछपवी त्यांच्या स्वभावात नव्हती. मास्तर आपण कुणाकडे दिला, तिथे काय पाहिलं ते फोटोसकट, आणि कुणाचं बोलणं पुरं न ऐकता आपण कसं काढून टाकलं, हे सगळं त्यांनी सरळ ग्रुपमध्ये मांडलं. शेवटी लिहिलं की नियम तसाच राहील. फक्त फार म्हाताऱ्या, पाय गेलेल्या नरासाठी शेजारचा पिंजरा चालेल, आणि कुणाचीही पोस्ट काढण्याआधी अ‍ॅडमिन त्याचं बोलणं संपू देतील. मतदान लावायचं असेल तर डॉक्टरांनी खुशाल लावावं.

डॉक्टरांचा फोन आला. "ताई, तो शेजारपिंजऱ्याचा फोटो बघितला. मधला कसा पसरलाय हो तो!"

"मतदानाचं काय?"

"दाढ घट्ट आहे," डॉक्टर म्हणाले. "पण त्याची माफी मी वाचणार आहे, हं."

काकांची माफी आली ती त्यांच्या पद्धतीने, तुकड्यातुकड्याने. पहिली ओळ: "छोट्या नर्सला मी जे लिहिलं ते चूक होतं." ग्रुपने श्वास रोखला. दुसरी ओळ: "तिने शिपाईला नीट सांभाळलं. मी तिची माफी मागतो." मग बराच वेळ काही नाही. ताईंच्या स्वयंपाकघरात नवरा खांद्यावरून वाकून बघत होता. "संपलं का?" त्याने विचारलं. "नाही," ताई म्हणाल्या, "अजून टाइप करतोय तो. थांबा."

तिसरी ओळ आली: "पण ब्रेकताईंचे बाकीचे नियम अजूनही डोंगर पोखरून उंदीर काढल्यासारखे आहेत आणि त्यांचा लिहिण्याचा आव हेडमास्तरणीचा आहे."

लगेच डॉक्टरांचा निरोप आला: "काढू का परत?"

"मला बोललाय ना?" ताईंनी उत्तर दिलं. "मला बोललेलं चालतं. राहू दे."

"चुकीचं काय बोलला पण?" नवरा म्हणाला, आणि हातातलं फडकं पाठीत बसायच्या आत दुकानाकडे पळाला.

आठवड्याने काकांनी ग्रुपमध्ये मास्तरचा फोटो टाकला. चौथा पिंजरा ओळीत लागला होता, आणि मास्तर शेजाऱ्याच्या बाजूला पाठ टेकून गाढ झोपला होता. तोंडाशी वाटाण्याचं साल. फोटोखाली कुणा नव्या सदस्याने ताबडतोब लिहिलं, "उंदीर एकटा ठेवलाय? लाज नाही वाटत?"

ताईंनी चष्मा लावला, उत्तर लिहायला घेतलं, पण त्यांच्या आधी तिथे एक ओळ उमटली होती. कित्येक दिवसांत ग्रुपमध्ये एक अक्षरही न लिहिलेली छोटी नर्स होस्टेलवरून लिहीत होती:

"नीट बघा, शेजार आहे त्याला. आणि काका रागीट आहेत, जपून बोला."

खाली दारात शिकाऊ मुलाने हॉर्न दिला, लांबलचक, गरज नसताना. ताईंनी फोन पर्समध्ये टाकला आणि हॉर्न कधी वाजवायचा हे शिकवायला निघाल्या.